गोवा जनमत कौल आणि वृत्तपत्रे

गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघ प्रदेश म्हणून राहावे, यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी झालेले मतदान व त्यास वृत्तपत्रांनी दिलेली प्रसिद्धी. भारतीय संविधानात सार्वमताची तरतूद नसल्याने संसदेने १९६६ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून दयानंद बांदोडकर यांचे मंत्रिमंडळ आधीच पायउतार झाले. विलीनीकरणास ‘फूल’ व संघ प्रदेशास ‘दोन पाने’ ही चिन्हे होती.

मुंबईच्या मराठी पत्रांतून हा प्रश्न मुख्यतः संयुक्त महाराष्ट्राचे उरलेले कार्य म्हणून मांडला गेला, प्र. के. अत्रे यांचा मराठा त्यांत अग्रभागी होता. कोकणी ही मराठीची बोली आणि १९६३ च्या निवडणुकीतील महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा विजय म्हणजे विलीनीकरणाचा आदेश, ही विलीनीकरणवाद्यांची प्रमुख गृहीतके होत. त्यांपैकी दुसरे विशेष दुबळे होते. तो पक्ष बहुजनसमाजाच्या जमीन, शिक्षण व प्रतिष्ठा यांविषयीच्या आकांक्षांवर उभा होता. त्याचा प्रत्येक मतदार गोव्याचे वेगळेपण सोडण्यास तयार होता, असे नव्हे. शिवाय ही पत्रे पनवेल वा पुणे येथे वाचणाऱ्यास या प्रश्नावर मत नव्हते. ते गोव्याच्या मतदारयादीतील नागरिकासच होते.

प्रत्यक्ष गोव्यात बा. द. सातोस्कर हे पहिले संपादक असलेले गोमन्तक (१९६२) विलीनीकरणाच्या बाजूचे, तर मडगावचे राष्ट्रमत (१९६३) विरोधी. चंद्रकांत केणी यांच्या संपादनाखालील राष्ट्रमत मराठीतच निघे व उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातच येई. पोर्तुगीज किंवा रोमी कोकणी पत्रे ज्या हिंदू वाचकापर्यंत पोहोचत नसत, तो यामुळे गाठता आला. मराठीतून विलीनीकरणाला झालेला हा विरोध ‘मराठी विरुद्ध कोकणी’ या सुटसुटीत चौकटीत बसणारा नव्हता.

संघ प्रदेशास १,७२,१९१ व विलीनीकरणास १,३८,१७० मते पडली. अंतर ३४,०२१ मतांचे होते. तथापि मार्च १९६७ च्या निवडणुकीत याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर आणले.

इराकी कुर्दिस्तानात २५ सप्टेंबर २०१७ रोजी स्वातंत्र्याविषयी झालेल्या मतदानात सुमारे ९३ टक्के मते अनुकूल होती. तेथेही परदेशी पत्रांतून मतदाराच्या अपेक्षांपेक्षा बगदाद, तुर्कस्तान व इराण यांचा विरोध आणि किर्कूकचे तेल यांचीच चर्चा अधिक झाली. ऑक्टोबरमध्ये इराकी सैन्याने किर्कूक ताब्यात घेतले. गोव्याचा कौल मात्र केंद्र सरकारने मान्य केला आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले.