‘डोया’ वाचणारे मूल

चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावी पहिली-दुसरीच्या मुलांच्या अभ्यासाचा विषय निघाला की एक समजूत हटकून पुढे येते, आणि खेदाची गोष्ट ही की काही शिक्षकही तिला दुजोरा देतात : घरी वऱ्हाडी बोलतात म्हणून मुलाचे वाचन बिघडते, सबब घरातून ‘मले-तुले’ हद्दपार करावे. ही समजूत निराधार आहे.

चित्र नसलेल्या ओळीत ‘डोळा’ हा शब्द पाहून मूल ‘डोया’ म्हणते, तेव्हा त्याने अक्षरे ओळखलेली असतात, ती जोडलेली असतात आणि अर्थापर्यंत पोहोचून तो शब्द आपल्या घरच्या उच्चारात सांगितलेला असतो. वाचन म्हणतात ते याहून निराळे काय? तेच मूल ‘काळा’चे ‘काया’ आणि ‘जवळ’चे ‘जवय’ करते. जी गोष्ट दर वेळी त्याच रीतीने घडते तिला गफलत कसे म्हणावे? तो त्या बोलीचा नियम आहे. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडीचे मराठीची बोली म्हणून रीतसर वर्णन आहे. आणि ज्या वऱ्हाडात, रिद्धपूर येथे, म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, तेथील लेकरांच्या वाणीवर अशुद्धतेचा शेरा मारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

अडचण आहे ती लेखनात, आणि ती मान्य केली पाहिजे. वाचताना ‘ळ’ आणि ‘य’ या दोन अक्षरांना एकच ध्वनी दिला तरी काम भागते. लिहिताना मात्र त्या एका ध्वनीसाठी दोहोंतून एक अक्षर निवडावे लागते. परंतु ही अडचण केवळ वऱ्हाडी मुलाची नव्हे. पुण्याचे मूलही ‘श’ आणि ‘ष’ बहुधा सारखेच उच्चारते, ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतले निरनिराळे ‘च’ एकाच अक्षराने लिहिते, आणि त्याबद्दल त्याच्या मातापित्यांना कोणी भाषा बदलावयास सांगत नाही! शिक्षकाने मुलाला ओळ पुरी वाचू द्यावी, अर्थ विचारावा, आणि मग ‘गाय, माय’ एकीकडे व ‘डोळा, काळा’ दुसरीकडे फळ्यावर मांडून लेखनातील भेद दाखवावा. मायबोली सोडून उसन्या भाषेत चाचरत बोलणारी आई मुलाशी कमी बोलते, गोष्टी सांगावयाची थांबते, आणि ज्या शब्दसंपत्तीवर वाचन उभे राहावयाचे तीच आटते. शिक्षणाचा आरंभ मातृभाषेतून व्हावा, असे युनेस्कोने १९५३ च्या अहवालात म्हटले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही, शक्य तेथे, किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे माध्यम असावे असे सांगितले आहे.

इतर समजुतींचा निकाल थोडक्यात लागतो. दहा वेळा उतरवून काढल्याने हात चालतो. वाचन येतेच असे नाही. सहा-सात वर्षांपर्यंत एखादे अक्षर उलटे काढणे सर्वसाधारण आहे, एवढ्यावरून रोगाची शंका घेऊ नये. ओळीखाली बोट ठेवणे ही वाईट खोड नसून आरंभीचा आधार आहे. आणि निरक्षर पालक मुलाच्या वाचनाला साह्य करू शकत नाहीत, हे तर मुळीच खरे नाही : रात्री आजीने वऱ्हाडीत सांगितलेली गोष्ट मुलाने सकाळी वर्गात सांगावी, शिक्षकाने ती त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहावी, आणि सगळ्या वर्गाने ती वाचावी.