ट्रॅक्टर येतो, पण गाडी येते का?

कासुर्डीतल्या कुठल्याही कॉलेजच्या पोराला ‘गाडी येते का रे?’ असं विचारून बघा. ‘ट्रॅक्टर चालवतोय की आठवीपासून!’ हे उत्तर तयार असतं. तुमचंही तेच उत्तर असेल, तर क्लचचा अंदाज तुम्हाला नक्की उपयोगी पडेल. बाकीचं मात्र नव्याने शिकायची तयारी ठेवा. कारण रानात समोरून कुणी येत नाही, आणि आपल्या गावाजवळून जातो पुणे-सोलापूर महामार्ग.

आधी कागदाचं काम. कारसाठी अठरा पूर्ण हवीत. शिकाऊ लायसन्स ‘सारथी’ पोर्टलवर आधार वापरून घरबसल्या निघतं, परीक्षाही तिथेच होते. ६० टक्के उत्तरं बरोबर आली की पास. नेट कॅफेवाल्या दादाला ‘तेवढी परीक्षा पण तुम्हीच देऊन टाका’ असं मात्र म्हणू नका. रस्त्यावरच्या खुणा त्याला नाही, तुम्हाला वाचायच्यात. हे लायसन्स सहा महिने चालतं. ३० दिवस झाले की पक्क्या लायसन्सच्या टेस्टला बसता येतं. दौंड तालुक्यासाठी त्याचं ऑफिस बारामतीला. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ आणि शेजारच्या सीटवर पक्कं लायसन्स असलेला माणूस पाहिजेच. मित्र चालेल, पण त्याचं लायसन्स एकदा डोळ्यांनी बघा. विनालायसन्स चालवली तर ५,००० रुपये दंड आहे. आणि अठराच्या आतल्या धाकट्या भावाच्या हातात किल्ली दिली, तर वडिलांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता गाडीत बसू. पहिले दोन-तीन दिवस फक्त क्लच. पहिला गिअर टाका आणि ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावता क्लच हळूहळू सोडा. एका जागी इंजिनचा आवाज दबतो, गाडी थरथरते. तिथेच पाय धरून ठेवायचा. ती जागा पायाला पाठ झाली की गाडी बंद पडायची थांबते. माझी पहिल्या दिवशी इतक्या वेळा बंद पडली, की शिकवणारे काका खिडकीबाहेर बघायला लागले. लाजू नका, सगळ्यांची पडते. शक्य असेल तर शिकायला ड्रायव्हिंग स्कूलचीच गाडी घ्या. तिच्यात शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो. घरच्या गाडीत काका नुसतेच ओरडू शकतात.

मैदान झालं की गावातले रस्ते, मग सर्व्हिस रोड, आणि महामार्ग सगळ्यात शेवटी. तोही आधी दिवसा. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. मोबाईलवर कुणाचा मेसेज आला ते बघायला दोन सेकंद लागले, तर ४४ मीटर तुम्ही डोळे मिटून गेलात. त्यात उसाचा हंगाम असेल तर पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. दिवसा तो लांबून दिसतो. रात्री तो दिसतो तेव्हा जवळ आलेला असतो.

जुलै २०१९ ची बातमी आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. रायगड बघून परतणारी यवत परिसरातली नऊ तरुण पोरं. कदमवाकवस्तीजवळ त्यांची कार दुभाजक ओलांडून पलीकडच्या ट्रकवर आदळली. नऊच्या नऊ गेले. मध्यरात्र उलटून गेलेली, घर पाऊण तासावर. त्या रात्री नेमकं काय झालं, यावर बोलणारी मी कोण? पण हा रस्ता रात्रीचा कसा असतो हे आपल्याला माहीत आहे. त्यामुळे लायसन्स हातात आलं की त्याच आठवड्यात ‘चल, रात्री निघू, सकाळी पोचू’ म्हणणारा मित्र भेटेल, त्याला सकाळी निघू म्हणा.

अजून एक. समोरच्या पंपावर जायचंय आणि दुभाजकातली वाट लांब आहे, म्हणून उलट्या बाजूने जाणारे रोज दिसतात. शिकवणारे काकाही कधीकधी ‘घे इथूनच’ म्हणतात. तेव्हा ‘नको काका, फिरून येऊ’ म्हणा. तेवढंच पेट्रोल जास्त जाईल आणि गिअर टाकायची प्रॅक्टिस होईल.