शिक्षण जरा जास्त झालं

सकाळी ६.३० : नवी पेठेतली अभ्यासिका. समोरचा मुलगा एम.टेक., तयारी पोलीस शिपायाची. त्या भरतीला बारावी पुरते. मी रसायनशास्त्रात पीएच.डी., नेटही झालेली. इथं कुणी कुणाला ‘एवढं शिकून हे?’ असं विचारत नाही.

९.१५ : कॉलेज. मी ‘सीएचबी’वर, म्हणजे घड्याळी तासिका तत्त्वावर. घेतले तेवढ्या तासांचे पैसे; उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. मुलांच्या लेखी मी ‘डॉक्टर मॅडम’.

१२.०० : स्टाफरूममध्ये एक पर्मनंट सर मंत्रालयाच्या कॅन्टीनची बातमी पुन्हा सांगतात. पात्रता चौथी पास, वेटरच्या जागा 13, अर्ज सुमारे सात हजार आणि निवड झालेल्यांत 12 पदवीधर. सर हसतात. मला मात्र दर महिन्याला येणारा पगार दिसतो.

१.०० : ऑनलाइन अर्ज. ‘सर्वोच्च शैक्षणिक अर्हता’ या रकान्यात बारावी निवडायचा मोह होतो. पण पंजाब नॅशनल बँकेचा खटला माहीत आहे. शिपायाच्या जागेसाठी उमेदवार पदवीधर नसावा, अशी अट होती. एकानं पदवी लपवून नोकरी मिळवली. बँकेनं ती काढून घेतली आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बँकेचं म्हणणं उचलून धरलं. मी खरं तेच भरते.

३.३० : भोसरी एमआयडीसी. क्वालिटी कंट्रोलमध्ये केमिस्ट हवाय, अट बी.एस्सी. एचआरचा मुलगा अदबीनं खुर्ची देतो. फार अदब दिसली की समजावं, नोकरी दुरावली.

“मॅडम, तुम्ही इथं टिकाल का?”

तो विचारतोय ते माझ्या शिक्षणाबद्दल नाही. प्राध्यापक भरतीची जाहिरात आली की ही जाणार, पगारावर कुरकुर करणार, बी.एस्सी. झालेल्या साहेबाचं ऐकणार नाही, या तीन शंका आहेत. मी एकेक घेते. जाहिरातीतला पगार मान्य. टायट्रेशन आणि एचपीएलसी हाताखालून गेलंय, शिकवावं लागणार नाही. साहेबांकडून कारखान्याचं काम शिकायचंय, आणि दोन वर्षं राहण्याचं लेखी द्यायची तयारी आहे.

“कळवतो,” तो म्हणतो.

६.४५ : आईचा फोन. “अगं, डॉक्टरीण झालीस आणि कंपनीत नमुने तपासणार?” “हो आई. तेच तर शिकलेय.”

९.०० : बायोडाटा नव्यानं मांडते. उपकरणं आणि चाचण्या वर, प्रबंध शेवटी एका ओळीत. पीएच.डी. गाळली तर मधली वर्षं रिकामी दिसतात आणि तो खड्डा पदवीपेक्षा जास्त खुपतो.

माझ्यासारख्यांना एवढंच सांगेन : पदवी लपवू नका, तिच्याबद्दल माफीही मागू नका. ‘टिकाल का?’ हा प्रश्न समोरून येण्याआधीच अर्जाच्या पहिल्या दोन ओळींत त्याचं उत्तर द्या.