‘कडक’ला इंग्रजीत काय म्हणतात?

इंग्रजी सुधारायचं म्हणून मुलं नवी वही करतात, पानाच्या मधोमध रेघ मारतात. डावीकडे इंग्रजी विशेषण, उजवीकडे मराठी अर्थ. रोज दहा शब्द पाठ. अशा वह्या पाहिल्या की माझा जीव तुटतो, कारण एवढी मेहनत एका गैरसमजावर उभी असते: इंग्रजी विशेषणाला मराठीत एक ठरलेला शब्द असतोच.

आपला ‘कडक’च पाहा. चहा कडक, ऊन कडक, शिस्त कडक, शिळा पावही कडक. इंग्रजीत मात्र चहा ‘स्ट्राँग’, ऊन ‘स्कॉर्चिंग’, शिस्त ‘स्ट्रिक्ट’ आणि पाव ‘हार्ड’. ‘हेवी’चं याच्या उलट. ‘हेवी’ म्हणजे जड, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ‘हेवी रेन’ म्हणजे मुसळधार पाऊस, ‘हेवी ट्रॅफिक’ म्हणजे रस्ता भरून वाहणाऱ्या गाड्या आणि ‘हेवी स्मोकर’ म्हणजे एकामागून एक सिगारेट ओढणारा. तो अंगानं काटकुळाही असू शकतो. भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे यांनी १९६६ साली चहाचंच उदाहरण दिलं होतं. ‘स्ट्राँग’ आणि ‘पॉवरफुल’ अर्थानं जवळचे, तरी इंग्रज माणूस चहाला ‘पॉवरफुल’ म्हणत नाही आणि मोटारीला सहसा ‘स्ट्राँग’ म्हणत नाही. कोणतं विशेषण कोणत्या नामाशेजारी बसतं, हे वापरानं ठरतं.

समानार्थी शब्द कुठेही चालतात, हाही असाच समज. मराठीत सडपातळ, बारीक आणि हाडकुळी यांतला फरक कुणाला शिकवावा लागत नाही. ‘स्लिम’, ‘थिन’ आणि ‘स्किनी’ यांत जवळपास तोच फरक आहे: पहिल्यात कौतुक, दुसऱ्यात नुसतं वर्णन, तिसऱ्यात बहुतेकदा टोचणी. ‘होमली’ तर फारच जपून वापरावा. आपल्याकडच्या लग्नाच्या जाहिरातींत त्याचा अर्थ घरगुती वळणाची मुलगी. अमेरिकेत तोच शब्द माणसाला लावला, तर अर्थ ‘दिसायला बेताचा’ असा होतो. तिथल्या स्थळाला बायोडेटा पाठवणाऱ्या आईवडिलांनी तो खोडलेलाच बरा.

शब्दाची फोड केली की अर्थ कळतो, असंही सांगितलं जातं. पुष्कळदा कळतो, पण इंधनाच्या टँकरवर ‘हायली इनफ्लेमेबल’ लिहिलेलं असतं तिथे ही युक्ती घात करील. सुरुवातीचं ‘इन’ नकाराचं समजून कुणी ‘न पेटणारं’ असा अर्थ घेतला, तर? ‘फ्लेमेबल’ आणि ‘इनफ्लेमेबल’ या दोन्हींचा अर्थ एकच: चटकन पेट घेणारं.

आणि भारदस्त विशेषणं म्हणजे चांगलं इंग्रजी, हे तर मुळीच खरं नाही. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली मांडलेल्या ‘बेसिक इंग्लिश’ या सोप्या इंग्रजीत एकूण शब्द ८५०, त्यांत गुण सांगणारे फक्त १५०. १९७८ च्या लाँगमन शब्दकोशात हजारो शब्दांचे अर्थ सुमारे २,००० सोप्या शब्दांत दिले होते. साधी विशेषणं नेमकी वापरता आली, तर रोजचं पुष्कळ काम त्यांवर भागतं.

वही फेकू नका. फक्त डावीकडे एकटं विशेषण लिहू नका; नाम सोबत घ्या. ‘स्ट्राँग टी’, ‘हेवी रेन’, ‘स्ट्रिक्ट टीचर’. दहाऐवजी रोज तीनच जोड्या लिहा आणि त्याच दिवशी प्रत्येकीचं एक वाक्य मोठ्यानं बोला.