आमची सांगली : हळद, पत आणि पाणी

बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना गणपती मंदिर दाखवावे, कृष्णेच्या घाटावर न्यावे, असा सांगलीकरांचा रिवाज आहे. मी मात्र त्यांना आधी हरिपूरच्या वाटेवर नेतो. कृष्णा-वारणेच्या संगमाकाठी वसलेल्या या गावाच्या भूमीखाली एके काळी आमच्या पेठेची सारी श्रीमंती झाकलेली असे.

तिथली माती इतकी घट्ट की तीत खोल पेव खणले तरी भिंत ढासळत नसे. तोंड अरुंद, पोट प्रशस्त. तळाशी आणि कडेने पाल्याचे अस्तर द्यायचे, आत हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. हवा नाही, म्हणून कीड नाही. वर्षानुवर्षे मालाचा रंग टिके. पेव उघडले तरी लगेच कोणी आत उतरत नसे. आतली कोंडलेली हवा प्राणघातक असल्याने काही तास थांबायचे आणि मग कंदील सोडून पाहायचा. तो विझला तर पुन्हा थांबायचे. वडील मला लहानपणी तिथे नेत, तेव्हा त्या कंदिलाकडे सारे जण श्वास रोखून पाहत.

मला त्याहून नवल वाटे ते व्यवहाराचे. पेव बंदच राही आणि आतला माल एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे विकला जाई. घेणाऱ्याने हळद पाहिलेली नसे, त्याने देणाऱ्याचे नाव पाहिलेले असे. या शहरात मला सर्वांत प्रिय काय, असे विचारले तर मी ही पत सांगेन.

बाकी आवडीच्या गोष्टी पुष्कळ. 1801 मध्ये चिंतामणराव पटवर्धनांनी येथे संस्थानची राजधानी केली; 1843 साली विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ येथेच रंगले. 1899 मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेचे कार्यालय याच गावात आहे, त्यामुळे समाजाच्या कामासाठी आलेला कोणी ना कोणी आमच्या पंगतीला असतोच. सांगलीची भडंग सर्वांना ठाऊक आहे. आमच्या घरची बिनलसणाची भडंग मात्र फक्त शेजाऱ्यांना ठाऊक, आणि ते डबा परत करताना तो रिकामा कधी देत नाहीत. हंगामात मार्केट यार्डात राजापुरी हळदीचे सौदे सुरू झाले की सदऱ्याच्या बाह्या, वहीची पाने, सारे पिवळे होते. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्या दिवशी पेठेत पेढे वाटले गेले.

पण जी नदी संगमाला घेऊन आली, तीच पेवांच्या मुळावर उठली. 2005 च्या महापुराने हरिपूरची असंख्य पेवे पाण्याखाली गेली. माल आता गोदामांत आणि शीतगृहांत ठेवतात. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर चढले. धोक्याची पातळी 45 फूट. गणपती पेठेतले आमचे दुकान छपराला लागले. चातुर्मास चालू होता. मंदिराच्या सभागृहात पूरग्रस्तांसाठी स्वयंपाक होई, तोही सूर्यास्तापूर्वी आणि कांदा-लसणाविना. आसऱ्याला आलेल्या सर्व जातिधर्मांच्या लोकांनी तो गोड मानून घेतला.

पाणी ओसरल्यावर दुकानाची फळी उघडायला मी पोहोचलो, तर आमचे हमाल माझ्याआधी फावडी घेऊन उभे होते. भिजलेल्या हळदीचा वास महिनाभर अंगातून गेला नाही. ज्यांचे देणे होते त्या परगावच्या व्यापाऱ्यांना मी स्वतः फोन केला. एकाने दिवाळीपर्यंत विषय काढू नका म्हणून सांगितले. दुसऱ्याने मात्र लगोलग पैसे मागितले. त्याचाही इलाज नव्हता, त्यालाही पुढे द्यायचे होते. सौ.च्या बांगड्या मोडून ते दिले.

त्या वर्षी मुलाने पुण्याला जाऊ या म्हणून फार आग्रह धरला. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, आणि मजजवळ उत्तरही नव्हते. मी त्याला एवढेच म्हटले की पुण्यात आपल्या नावावर न पाहिलेला माल कोण घेईल? तो काही बोलला नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याने दुकानात पोटमाळा बांधून घेतला, हिशेबाच्या वह्या वर नेल्या आणि भिंतीवर 2019 च्या पाण्याची रेघ तेवढी रंगवायची ठेवली.

आता जुलै लागला की तोच दर संध्याकाळी जेवणाआधी विचारतो, “बाबा, पुलाला किती फूट?”