शेतातलं किती पाणी हवेत जातं? आकडा वाचण्याआधी हे समजून घेऊ

पाऊस पडला की थोडं पाणी ओढ्याला वाहून जातं, थोडं जमिनीत मुरतं, एवढं आपल्याला दिसतं. पण जगभर जमिनीवर पडणाऱ्या पावसातलं निम्म्याहून जास्त पाणी परत हवेतच जातं. काही मातीतून आणि तलावांतून वाफ होऊन, तर बरंचसं झाडं-पिकांच्या पानांतून. या दोन्हींना मिळून बाष्पपर्णोत्सर्जन म्हणतात.

हे पाणी प्रत्येक शेतात मोजता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ संगणकावर प्रारूप मांडून त्याचा अंदाज काढतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये सुचवलेली पेनमन-माँटीथ पद्धत आजही जगभर वापरली जाते. तिला तापमान, हवेतला ओलावा, वारा आणि ऊन असे चार आकडे लागतात. सूत्र बरोबर असलं तरी आकडे कच्चे असतील तर उत्तरही कच्चंच येणार.

आकडे चुकतात कुठे? आपल्या हवामान खात्याच्या पावसाच्या नकाशात एक चौकोन साधारण २७ किलोमीटरचा असतो. शिवाराच्या एका बाजूला पाऊस आणि दुसरी बाजू कोरडी, हे आपण दरवर्षी बघतो. चौकोनात मात्र सगळ्यांना एकच आकडा मिळतो. वाऱ्याचंही तसंच. सूत्राला जमिनीपासून २ मीटरवरचा वारा हवा असतो, पण अनेक केंद्रांवर तो १० मीटरवर मोजतात. तो न बदलता वापरला तर वारा सुमारे एक तृतीयांश जास्त धरला जातो.

चुकीचा परिणाम सगळीकडे सारखा नसतो. मराठवाड्यात ऊन भरपूर, पाणी कमी. तिथे मातीत जेवढी ओल, तेवढंच पाणी उडणार, म्हणून पावसाचा आकडा चुकला की सगळा हिशोब बिघडतो. कोकणात पावसाळ्यात पाण्याला तोटा नसतो, ऊनच कमी पडतं. तिथे उन्हाचा आकडा महत्त्वाचा.

फरक किती पडतो बघा. एका अंदाजाने पिकाला रोज ५ मिलिमीटर पाणी लागतं, दुसऱ्याने ६. एका एकरावर १ मिलिमीटर म्हणजे सुमारे ४,००० लिटर. दहा दिवसांत ४०,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे चार टँकर! विहीर आटत आलेल्या घराला ही बाब छोटी नाही.

म्हणून अंदाज फेकून द्यायचा का? नाही. पण एकच आकडा सांगितला तर आपण विचारायला हवं: कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, आणि मोजणी कुठल्या केंद्रावरची? महावेध प्रकल्पात महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रं बसली आहेत, आपल्या मंडळाचं केंद्र नीट चालतं का ते ग्रामसभेत विचारा. शेतात साधं पर्जन्यमापक लावून रोजची नोंद वहीत ठेवा. मोठ्या चौकोनात न दिसणारा आपल्या शिवाराचा पाऊस त्या वहीत दिसेल.