कमी पैशांतली ड्रॅगनची शिकार

टीव्हीसाठी कमी खर्चात बनवलेल्या मध्ययुगीन अद्भुतपटांचा साचा आता प्रेक्षकांना पाठ झाला आहे. डोंगराच्या पायथ्याशी एक भेदरलेलं गाव असतं. राजाने बक्षीस लावलेलं असतं, एक थकलेला योद्धा आणि एक उतावळा तरुण मोहिमेवर निघतात, आणि शेवटी आग ओकणारा ड्रॅगन समोर येतो. तो आला की चित्रपट कोसळतो. त्याच्या पायांखालचं गवत दबत नाही, त्याची सावली भिंतीवर पडत नाही आणि नायक तलवार उगारून भलत्याच दिशेला बघत असतो. मग आपण म्हणतो, पैसे कमी पडले. हे निदान चुकीचं आहे. असे चित्रपट पैशाच्या टंचाईने पडत नाहीत. असलेले थोडे पैसे चुकीच्या जागी गेल्याने ते पडतात. अक्राळविक्राळ प्राणी पडद्यावर खरा वाटतो तो तीन गोष्टींमुळे: त्याच्याभोवतीची जागा, त्याला भिणाऱ्या माणसाचा चेहरा आणि त्याला दाखवण्याची नेमकी वेळ. यांतली एकही गोष्ट फक्त पैशाने विकत मिळत नाही. दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनचा चित्रपटांशी आलेला संबंध पाहिला, तर यातल्या पहिल्या दोन गोष्टींचे पुरावे तिथेच सापडतात. तिसरीसाठी थोडं बाहेर पडावं लागतं.

सुरुवात त्या तिसऱ्या गोष्टीपासून करू. टेरी गिलियमचा ‘जॅबरवॉकी’ 1977 साली आला. लुईस कॅरलच्या प्रसिद्ध कवितेतल्या राक्षसी प्राण्यावर बेतलेला हा चित्रपट पाच-सहा लाख पौंडांत झाला. पिंपं बनवणाऱ्याचा मुलगा डेनिस नशीब काढायला शहरात येतो आणि ध्यानीमनी नसताना राक्षसाच्या शिकारीत ओढला जातो. ही भूमिका मायकेल पेलिनने केली. पहिल्याच प्रसंगात त्या प्राण्याने केलेली शिकार दिसते, पण कॅमेरा प्राण्याच्या नजरेतून बघत असल्यामुळे प्राणी स्वतः दिसत नाही. पुढे बराच वेळ दिसते ती दहशत. गावं ओस पडलेली असतात, लोक तटबंदीच्या आत कोंडलेले असतात आणि या भीतीवर ज्यांचा धंदा चालतो त्या व्यापाऱ्यांना राक्षस मरायलाच नको असतो. हे सगळं उभं करायला महागडी यंत्रं लागत नाहीत, चांगलं लेखन लागतं. राक्षस अखेर समोर येतो तेव्हा तो पोशाख घातलेला माणूसच असतो. पण गिलियमने त्याला उलटं चालायला लावलं, त्यामुळे त्याचे गुडघे पक्ष्याच्या पायासारखे मागे वाकतात आणि त्याची चाल माणसाची वाटत नाही. खर्च जवळजवळ शून्य, परिणाम पक्का. बाकी जग वेल्समधल्या पेम्ब्रोक आणि चेपस्टोच्या खऱ्या किल्ल्यांनी आणि शेपर्टन स्टुडिओत उरलेल्या ‘ऑलिव्हर!’च्या सेटनी पुरवलं.

जागेचं मोल गिलियमला पुरतं कळलं होतं, याचा पुरावा क्रॉयडनमध्ये आहे. 1985 च्या ‘ब्राझील’मधली छळाची कोठडी त्याने क्रॉयडनच्या ‘बी’ वीजकेंद्राच्या कूलिंग टॉवरच्या पोटात चित्रित केली. ‘ब्राझील’ काही स्वस्तातला चित्रपट नव्हता. तरीही इतका प्रचंड, गोल, पोकळ अवकाश स्टुडिओत बांधण्यापेक्षा आयता वापरणं त्याने पसंत केलं. त्या पोकळीत खुर्चीला जखडलेला माणूस मुंगीएवढा दिसतो. ते केंद्र 1984 मध्ये बंद झालं आणि पुढे पाडलं गेलं. त्याच्या दोन उंच चिमण्या मात्र पर्ली वे रस्त्यावर ‘आयकिया’च्या दुकानाशेजारी अजून उभ्या आहेत. क्रॉयडनचीच सेंट जॉर्जेस वॉक ही दुकानगल्ली, जिच्या नावात ड्रॅगन मारणारा संत आहे, ‘ब्लॅक मिरर: बँडरस्नॅच’मध्ये 1984 सालचा बाजाररस्ता म्हणून दिसते. 2018 च्या अखेरीस आलेल्या या कलाकृतीला पुढच्या वर्षी सर्वोत्तम टीव्ही चित्रपटाचं एमी पारितोषिक मिळालं. हा मध्ययुगीन चित्रपट नाही. एक तरुण अद्भुत कादंबरीवरून संगणकीय खेळ तयार करतो, अशी त्याची गोष्ट आहे. पण शीर्षकातला प्राणी कॅरलच्या त्याच कवितेतून आला आहे, आणि त्यातला राक्षस पॅक्स अगदी मोजक्या वेळा दिसतो. उरलेल्या वेळी भय असतं ते त्या तरुणाच्या घरात आणि डोक्यात.

दुसरी गोष्ट चेहरा. राक्षसांच्या शिकाऱ्यांमध्ये ज्याचं नाव आवर्जून घ्यावं तो पीटर कुशिंग 26 मे 1913 रोजी केन्ली इथे जन्मला. केन्ली तेव्हा सरे परगण्यात होतं, आज ते क्रॉयडन बरोमध्ये आहे. नट होण्याआधी त्याने शेजारच्या पर्लीत भूमापकाच्या कचेरीत नोकरी केली. ‘हॅमर’ कंपनीचा 1958 चा ‘ड्रॅक्युला’ सुमारे 81 हजार पौंडांत झाला, आणि त्यात कुशिंग होता व्हॅन हेल्सिंग. शेवटच्या झटापटीत तो टेबलावरून धावत जाऊन जाड पडदे ओढून पाडतो आणि दोन मेणबत्तीदाण्या एकमेकींवर आडव्या धरून क्रूस करतो. ही कल्पना स्वतः कुशिंगची होती. दोन मेणबत्तीदाण्या आणि खिडकीतून येणारा उजेड, एवढ्या सामग्रीवर इंग्रजी भयपटांतला एक अविस्मरणीय शेवट उभा राहिला, कारण समोरचं संकट खरं आहे यावर त्या नटाचा प्रत्येक स्नायू विश्वास ठेवत होता. प्रेक्षक राक्षसाला नटाच्या डोळ्यांतून मोजतो.

मराठी वाचकाला हे नवं वाटायला नको. 1912 साली दादासाहेब फाळके लंडनला गेले आणि सरे परगण्यातच, वॉल्टन-ऑन-टेम्समध्ये, सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत त्यांनी चित्रपटाचं तंत्र पाहिलं. 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांनी कृष्ण आणि महासर्पाची झुंज रंगवली. चित्रपटाच्या आरंभी फाळके आपल्या लहानग्या मंदाकिनीचा चेहरा दाखवतात. ती एकामागून एक भाव बदलते आणि मग तीच मुलगी कृष्ण होते. नाग येण्याआधी प्रेक्षकाची त्या चेहऱ्याशी गाठ पडलेली असते. शंभर वर्षांनी ‘तुंबाड’ने हाच धडा गिरवला. त्यातला राक्षस हस्तर थोडाच दिसतो, पण वाडा, पाऊस आणि लोभाने वखवखलेले डोळे सतत दिसतात.

यावर पहिला आक्षेप असा की लोक ड्रॅगनपटाला ड्रॅगन पाहायला येतात, त्याला लपवणं ही फसवणूक आहे. पण दाखवूच नये, असं इथे कुणी म्हणत नाही. ‘जॅबरवॉकी’ त्याला दाखवतो, ‘कालिया मर्दन’ही दाखवतो. प्रश्न क्रमाचा आहे. 1981 च्या ‘ड्रॅगनस्लेयर’कडे सुमारे 1 कोटी 80 लाख डॉलर होते आणि त्या काळातलं उत्तम तंत्र होतं. तरी त्याने आपला ड्रॅगन पूर्ण रूपात बऱ्याच उशिरा दाखवला. पैसे असलेल्यांनीही जे शहाणपण पाळलं, ते पैसे नसलेल्यांनी सोडून द्यावं याला कारण नाही.

दुसरा आक्षेप म्हणतो की आता संगणकावर ड्रॅगन स्वस्तात होतो, मग ही काटकसर जुनी झाली. उलट, स्वस्त झालेला ड्रॅगनच आजच्या टीव्हीपटांचा घात करतो. तो पहिल्या पाच मिनिटांत आणि पुन्हापुन्हा दिसतो. त्याचं वजन, सावली, धूळ आणि नटाची नजर जुळवायला जो वेळ लागतो, तो मात्र स्वस्त झालेला नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. हे गरिबीचं गुणगान नाही का? कमी पैशांत काम करणारे लोक राबतात आणि त्यांना मोबदला कमी मिळतो. हे खरं आहे, आणि टंचाई हा काही गुण नव्हे. ‘तुंबाड’चं चित्रीकरण 2012 मध्ये सुरू झालं आणि चित्रपट 2018 मध्ये पडद्यावर आला. जिथे पैसा नसतो, तिथे वर्षं मोजावी लागतात. म्हणून आग्रह कमी खर्चाचा नाही, खर्चाच्या क्रमाचा आहे. आधी लेखकाला, नटाला आणि जागेला त्यांचा वाटा मिळावा, उरलेला ड्रॅगनला.

महाराष्ट्रात गड आहेत, लेणी आहेत, ओस पडलेल्या गिरण्या आहेत, आणि लोककथांत राक्षसांना तोटा नाही. मराठी वाहिन्यांनी आणि निर्मात्यांनी अद्भुतपट महाग पडतो म्हणून तो प्रकारच बाजूला ठेवू नये. भिणारा माणूस खरा असेल आणि तो उभा आहे ती जमीन खरी असेल, तर थोड्या पैशांतला ड्रॅगनही पुरेसा असतो.